कंटेनर सामाईक, मालकी एकाची

घाटंजी तालुक्यातला कास्तकार हमीभावाच्या केंद्रावर कापूस मोजून देतो, तेव्हा त्याच्या दृष्टीने व्यवहार काट्यावरच संपलेला असतो. उरतो तो चुकारा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये हमीभाव ठरला. ही रक्कम खात्यात पडेपर्यंत तिला बरीच दारं ओलांडावी लागतात. भारतीय कपास निगमच्या ‘कपास किसान’ ॲपवरची नोंदणी, सातबारा, १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेली ई-पीक पाहणीची नोंद, आधार, केंद्रावरचं वजन आणि प्रत, शेवटी बँक. यातली प्रत्येक यंत्रणा वेगळ्या खात्यानं, वेगळ्या काळात, आपल्या सोयीनं उभारली. एकीला दुसरीची भाषा येत नाही. मधे कुणीतरी एकीकडून विचारून घ्यावं लागतं, दुसरीला समजेल अशा रूपात द्यावं लागतं, उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारावं लागतं आणि काय झालं याची नोंद ठेवावी लागते. १९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली तेव्हा हे मधलं काम माणसं आणि कागद करायचे. चुकारा लांबला तर निदान भांडायला समोर माणूस असायचा. आता पडद्यावर ‘प्रलंबित’ असा शब्द असतो आणि त्याच्याशी भांडता येत नाही.

या मधल्या कामाला संगणकाच्या व्यवसायात इंटिग्रेशन म्हणतात. पुढच्या प्रकरणांचा विषय त्याचा एक अगदी अरुंद कोपरा आहे. जावाच्या ॲप्लिकेशन सर्व्हरवर अनेक ॲप्लिकेशन्स शेजारी शेजारी चालत असतात. त्या सगळ्यांसाठी मिळून जोडणीचा एकच सामाईक कंटेनर ठेवला, तर बाकीच्यांनी त्याच्यापर्यंत पोचायचं कसं? प्रश्न तांत्रिक वाटतो आणि त्याची तांत्रिक उत्तरं दोन-चार ओळींत लिहून देता येतात. पण त्या ओळी लिहिण्याआधी एक वेगळा प्रश्न सुटलेला असावा लागतो: हा कंटेनर कुणाचा? तो चालू कोण करणार, बंद कोण करणार, आणि त्यात भर घालण्याचा अधिकार कुणाला? या कामात मी जितका गोंधळ पाहिला, त्यातला बहुतेक इथूनच निघालेला होता.

मालकी न ठरवता जोडणी केली की काय होतं, याचं मोठं उदाहरण महाराष्ट्रानं पाहिलं आहे. जून २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ, एकूण आकडा ३४,०२२ कोटींचा. अर्ज ऑनलाइन भरायचा होता, ‘आपले सरकार’ वर, आणि एकक होतं कुटुंब. शेतकऱ्यानं अर्जात लिहिलेली माहिती एका बाजूला, बँकेनं आपल्या खातेवहीतून दिलेली दुसऱ्या बाजूला. दोन्ही जुळल्या तर नाव ग्रीन लिस्टमध्ये. नावाचं स्पेलिंग, आधार क्रमांक, खाते क्रमांक, यांतलं काहीही इकडचं तिकडे झालं की जुळणी फसायची, आणि मग खरं कुणाचं धरायचं याचं उत्तर यंत्रणेकडे नव्हतं. १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रं वाटली गेली; याद्यांमधल्या चुका त्यानंतर बाहेर येत राहिल्या. यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जिथे कर्जाचा आकडा हा नुसता आकडा नसतो, तिथे हा उशीर कसा जाणवला असेल ते वेगळं सांगायला नको.

डिसेंबर २०१९ मधली महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना दुसऱ्या वाटेनं गेली. तिथे अर्जच ठेवला नाही. बँकांनी थकीत खाती वर चढवायची, प्रत्येक खात्याला विशिष्ट क्रमांक मिळायचा, याद्या लागायच्या, आणि शेतकऱ्यानं बँकेत किंवा सेवा केंद्रावर आधार प्रमाणीकरण करून आकडा मान्य आहे की नाही एवढंच सांगायचं. योजना म्हणून कोणती चांगली, हा वाद इथे नको. या यंत्रणा आतून कशावर चालत होत्या, याच्याशीही इथे कर्तव्य नाही. पण जोडणी म्हणून पाहिलं तर दुसरी स्वच्छ होती. मूळ नोंद कुणाची आणि कुणी फक्त होकार-नकार द्यायचा, हे तिथे आधी ठरलेलं होतं.

सर्व्हरच्या आत हाच प्रसंग लहान प्रमाणावर रोज घडतो. जावा भाषा १९९५ मध्ये आली आणि डिसेंबर १९९९ मध्ये मोठ्या व्यावसायिक वापरासाठी जे-टू-ई-ई या नावानं तिच्याभोवती नियमांचं एक चौकट-घर बांधलं गेलं. त्या घराचा गाभा म्हणजे ॲप्लिकेशन सर्व्हर. प्रक्रिया एक, मेमरी एक, पण आत ॲप्लिकेशन्स अनेक. डेटाबेसची कनेक्शन्स, ट्रान्झॅक्शन्स, थ्रेड्स, संदेशांच्या रांगा हे सगळं सर्व्हर पुरवतो आणि ॲप्लिकेशननं मागून घ्यायचं असतं. मार्क फ्लरी यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला जेबॉस त्यातला खुला, मोफत सर्व्हर. २००६ मध्ये रेड हॅटनं तो घेतला, आणि त्याच्या मुक्त आवृत्तीला पुढे वाइल्डफ्लाय हे नाव मिळालं. त्या नावाची पहिली आवृत्ती, आठवी, फेब्रुवारी २०१४ ची. रेड हॅटचं पुण्यात मोठं कार्यालय आहे, तेव्हा हा सगळा इतिहास मराठी मुलखापासून तसा लांबचा नाही.

जोडणीच्या बाजूचा इतिहास याच सुमाराचा. २००३ मध्ये ग्रेगर होपे आणि बॉबी वुल्फ यांनी इंटिग्रेशनच्या कामात पुन्हा पुन्हा येणाऱ्या ६५ रचनांना नावं दिली. संदेश फोडणं, गाळणं, एकत्र करणं, मजकूर पाहून योग्य दिशेला पाठवणं. चार वर्षांनी, २००७ मध्ये, जेम्स स्ट्रॅकन यांनी सुरू केलेल्या अपाची कॅमलनं त्या रचना थेट जावात लिहिता येतील अशा केल्या. कॅमलमध्ये संदेशाच्या वाटेला रूट म्हणतात. रूटच्या दोन्ही टोकांना एंडपॉइंट्स असतात: एखादी फाइल, एखादी क्यू, वेबवरचा एखादा पत्ता. आणि हे सारे रूट्स, त्यांना लागणारे कंपोनंट्स, रूपांतरं करणारे भाग, त्यांची नोंदवही, यांना एकत्र धरून ठेवतो तो कॅमल कॉन्टेक्स्ट. या पुस्तिकेत कंटेनर म्हणजे हाच कॉन्टेक्स्ट. डॉकरचा कंटेनर वेगळा. त्याचा उल्लेख शेवटच्या प्रकरणाखेरीज कुठे नाही.

आता समजा एका सर्व्हरवर सहा ॲप्लिकेशन्स आहेत आणि सहाही जणांना बँकेकडे काही ना काही पाठवायचं आहे. प्रत्येकानं आपला कॉन्टेक्स्ट आपल्या वॉर फाइलीत बांधून आणला तर बँकेकडे जाणारा तोच रूट सहा ठिकाणी लिहिला जातो. कनेक्शन्सचे सहा संच उघडतात. बँकेनं पत्ता बदलला की सहा ठिकाणी बदल, आणि त्यातलं पाचवं नेमकं राहून जातं. म्हणून सामाईक कॉन्टेक्स्टची कल्पना पुढे येते. आमच्याकडे सातबाऱ्यावर सामाईक विहिरीची नोंद असते, त्यात हिस्से लिहिलेले असतात आणि पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. पण मोटरच्या पेटीची किल्ली एकाकडे असते. तसं नसेल तर पाणी असूनही भांडणं होतात. सामाईक कॉन्टेक्स्टच्या बाबतीत ही किल्ली सर्व्हरकडे असावी, किंवा फक्त त्याच कामासाठी बनवलेल्या एका लहान ॲप्लिकेशनकडे. बाकीच्यांनी संदेश द्यावा, उत्तर घ्यावं. माझ्या मते यावर तडजोड नसावी.

पोचण्याची वाट जेएनडीआय नावाच्या नामसूचीतून जाते. कॉन्टेक्स्ट तयार झाला की तो एका नावाखाली त्या सूचीत बांधला जातो. ज्याला हवा त्यानं त्या नावानं लुकअप करायचा, किंवा रिसोर्सचं ॲनोटेशन लावून सर्व्हरकडूनच हातात घ्यायचा. वाइल्डफ्लाय-कॅमल या जोडयंत्रणेत ही सोय आयती होती. कॉन्टेक्स्ट सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फायलीतच लिहिता यायचा, सर्व्हर तो चालू करायचा आणि सूचीत ठेवायचा. किल्लीचा प्रश्न तिथे मुळातच सुटलेला होता, आणि ही मला त्या रचनेतली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते.

सूचीत नावांचे मजले आहेत, हे मात्र नवख्यांना कुणी सांगत नाही. २००९ च्या जावा ईई ६ पासून ते नीट ठरले. कॉम्प या मजल्यावरचं नाव फक्त त्या घटकाला दिसतं, मॉड्यूलवरचं त्या मॉड्यूलला, ॲपवरचं त्या ॲप्लिकेशनला, आणि ग्लोबलवरचं सगळ्यांना. सामाईक कॉन्टेक्स्ट कॉम्पवर बांधला तर बांधणाऱ्याला तो दिसत राहतो आणि शेजाऱ्याला ‘नाव सापडलं नाही’ असा अपवाद मिळतो. बांधणारा म्हणतो माझ्याकडे चालतंय, आणि तो खोटं बोलत नसतो. जेबॉसच्या कुळात याशिवाय त्याचे स्वतःचे मजले आहेत, आणि त्यातला एक दुसऱ्या यंत्रावरून येणाऱ्यांसाठी उघडा असतो. सामाईक कॉन्टेक्स्ट चुकूनही त्या मजल्यावर ठेवू नये. कॉन्टेक्स्ट ही जिवंत वस्तू आहे, थ्रेड्स आणि उघडी कनेक्शन्स घेऊन बसलेली. ती तारेवरून पाठवायची गोष्ट नव्हे.

नाव सापडलं तरी पुढचं कुंपण क्लासलोडरचं. आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण रात्री दोनपर्यंत जागवणारी चूक हीच आहे. जावात एखाद्या क्लासची ओळख त्याच्या नावानं पूर्ण होत नाही. तो कुठल्या क्लासलोडरनं आणला हेही त्या ओळखीचा भाग असतं. सर्व्हर प्रत्येक ॲप्लिकेशनला वेगळा क्लासलोडर देतो, म्हणजे एकाच्या लायब्ररीची आवृत्ती दुसऱ्याला आडवी येत नाही. आता सर्व्हरकडे कॅमलची जार आहे आणि ॲप्लिकेशननंही वॉर फाइलीत तीच जार भरून आणली आहे, असं समजा. लुकअप यशस्वी होतो, वस्तू हातात येते, आणि तिला कॅमल कॉन्टेक्स्ट म्हणून वापरायला गेलं की जावा सांगते: कॅमल कॉन्टेक्स्टचं रूपांतर कॅमल कॉन्टेक्स्टमध्ये करता येत नाही. दोन्हीकडे अक्षर न अक्षर तेच नाव. पहिल्यांदा हा संदेश वाचणारा आपल्या डोळ्यांवर संशय घेतो, मग मशीनवर, आणि शेवटी सर्व्हर पुन्हा चालू करतो, ज्याचा काही उपयोग होत नाही.

उपाय साधा आहे. सामाईक गोष्टीची जार एकाच ठिकाणी असावी, सर्व्हरच्या मॉड्यूलमध्ये. ॲप्लिकेशननं ती बांधताना फक्त संदर्भापुरती वापरावी, मेव्हनच्या भाषेत प्रोव्हायडेड म्हणून, आणि चालताना सर्व्हरच्या मॉड्यूलवर अवलंबून राहावं. पण यातून निघणारी दुसरी गोष्ट लोक विसरतात. संदेशाच्या पोटात काय जातं, यालाही हाच नियम लागू आहे. एका ॲप्लिकेशननं आपल्या ‘शेतकरी’ नावाच्या क्लासची वस्तू सामाईक रूटमध्ये टाकली आणि दुसऱ्यानं आपल्याकडच्या ‘शेतकरी’ क्लासनं ती उचलायचा प्रयत्न केला, की पुन्हा तेच कुंपण. म्हणून सीमा ओलांडणारा मजकूर साधा असावा: अक्षरमाला, जेसन, एक्सएमएल, जावाचे स्वतःचे मूळ प्रकार. मजकूर वाचून आपली वस्तू पुन्हा बनवायला थोडा वेळ जातो, हे खरं. तो वेळ मी प्रत्येक वेळी आनंदानं देईन.

तिसरी गोष्ट आयुष्याची. सर्व्हर चालू होताना ॲप्लिकेशन्स कोणत्या क्रमानं उठतील याची हमी नसते. ज्याला कॉन्टेक्स्ट हवा तो कॉन्टेक्स्टच्या आधी उठला तर सूची रिकामी. कार्यालयांतल्या सर्व्हरवर यावर एक गमतीदार इलाज सापडतो: लुकअपच्या आधी तीस सेकंद झोप. तो बहुतेक दिवशी चालतो. वाइल्डफ्लायमध्ये अमुक ॲप्लिकेशन तमुक ॲप्लिकेशनवर अवलंबून आहे असं एका छोट्या फायलीत लिहिता येतं. मग सर्व्हर क्रम सांभाळतो आणि झोपेची गरज राहत नाही.

उठण्यापेक्षा जाणं अवघड. ॲप्लिकेशननं सामाईक कॉन्टेक्स्टमध्ये स्वतःचा रूट टाकला असेल आणि नंतर ते ॲप्लिकेशन काढून टाकलं, तर तो रूट आपोआप निघत नाही. रूटच्या हातात त्या ॲप्लिकेशनच्या वस्तू असतात, वस्तूंच्या मागे त्याचा अख्खा क्लासलोडर. ॲप्लिकेशन गेलं असं पडद्यावर दिसतं, मेमरीत ते बसलेलंच असतं. नवी आवृत्ती चढवावी तसा हा गाळ वाढत जातो आणि एक दिवस मेटास्पेस भरल्याचा संदेश येतो. त्या दिवशी कुणीच काही बदललेलं नसतं, म्हणून कारण शोधणं आणखी कठीण. ज्यानं टाकलं त्यानंच निघताना थांबवून काढावं, हा नियम. त्याहून चांगलं म्हणजे ॲप्लिकेशन्सना रूट टाकायची परवानगीच न देणं.

आणि ॲप्लिकेशननं कॉन्टेक्स्ट बंद करणं? ते तर कधीच नको. नीटनेटकं लिहायची सवय असलेला माणूस उघडलेली प्रत्येक गोष्ट बंद करतो, कॉलेजात तेच शिकवलेलं असतं. पण ही गोष्ट त्यानं उघडलेली नाही, फक्त मागून घेतली आहे. त्यानं ती बंद केली की उरलेल्या पाचांचं काम थांबतं. थांबतानाही कॅमल एकदम थांबत नाही. वाटेत असलेले संदेश पोचावेत म्हणून काही काळ वाट पाहतो. कॅमलच्या दुसऱ्या पिढीत हा काळ मुळात ३०० सेकंदांचा होता, पुढे तो ४५ वर आणला गेला. मधल्या काळात सगळं अर्धवट चालू, अर्धवट बंद दिसतं.

मग ॲप्लिकेशनच्या हाती द्यायचं तरी काय? माझा आग्रह असा की अख्खा कॉन्टेक्स्ट देऊ नये. संदेश पाठवण्यासाठी कॅमलमध्ये प्रोड्यूसर टेम्प्लेट असतं. ते अनेक थ्रेड्सना एकाच वेळी वापरता येतं, आणि एकदा बनवून ठेवायचं असतं, दर संदेशाला नवं नाही. हे टेम्प्लेट, किंवा त्याच्यावर लिहिलेली ‘पाठव’ आणि ‘विचार’ अशा दोनच क्रियांची पातळ सेवा, सूचीत ठेवावी. कॉन्टेक्स्ट सेवेच्या मागे राहावा. वाचक विचारतील, मग या पुस्तिकेचा विषयच कुठे उरला? उरतो. ती सेवा लिहिणाऱ्याला कॉन्टेक्स्टपर्यंत पोचावंच लागतं, आणि कार्यालयांत आधीपासून चालू असलेल्या यंत्रणांमध्ये अशी सेवा क्वचितच असते.

ट्रान्झॅक्शनविषयी इथे थोडक्यातच सांगतो, कारण त्याला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. सर्व्हरचं ट्रान्झॅक्शन थ्रेडला बांधलेलं असतं. रूटमध्ये डायरेक्ट एंडपॉइंट असेल तर काम त्याच थ्रेडवर पुढे जातं आणि ट्रान्झॅक्शन सोबत राहतं. सेडा असेल तर संदेश मेमरीतल्या रांगेत टाकून थ्रेड मोकळा होतो. ट्रान्झॅक्शन मागे राहतं, आणि त्या क्षणी वीज गेली तर संदेशही. पैशाशी संबंधित काहीही सेडातून जाऊ देऊ नये. त्यासाठी डिस्कवर लिहिणारी खरी क्यू आहे.

सामाईक कॉन्टेक्स्टऐवजी प्रत्येकाचा कॉन्टेक्स्ट वेगळा आणि मधे फक्त सामाईक नावाची वाहिनी, असाही मार्ग होता. डायरेक्ट-व्हीएम आणि व्हीएम हे कॅमलचे दोन कंपोनंट्स त्यासाठीच होते. एका प्रक्रियेतल्या कुठल्याही कॉन्टेक्स्टमधून दुसऱ्यापर्यंत संदेश पोचायचा, अट एवढीच की कॅमलची मूळ जार सगळ्यांसाठी एकाच क्लासलोडरमध्ये हवी. जुन्या यंत्रणांत ते अजून सापडतील. कॅमल ४ मध्ये, म्हणजे २०२३ पासून, दोन्ही काढून टाकले आहेत. आवृत्ती चढवण्याचं काम हाती घेतलेल्यानं पहिल्याच दिवशी हे शब्द शोधून पाहावेत.

सुरक्षेचं एक उदाहरण टाळता येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या नोंदी लिहिणाऱ्या लायब्ररीतली त्रुटी उघड झाली आणि जगभरच्या सर्व्हरवाल्यांची झोप उडाली. बाहेरून आलेल्या मजकुरात विशिष्ट पद्धतीनं लिहिलेलं नाव असलं की ती लायब्ररी नोंद लिहिता लिहिता जेएनडीआयचा लुकअप करायची, आणि ते नाव परक्या सर्व्हरकडे बोट दाखवत असेल तर तिथून आलेला कोड आपल्या यंत्रावर चालू शकायचा. नामसूचीचा यात दोष नव्हता. नाव कुठून आलं हे कुणी पाहत नव्हतं. म्हणून लुकअपचं नाव नेहमी आपल्या कोडमध्ये किंवा सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये असावं. फॉर्ममधून, पत्त्यातून किंवा संदेशाच्या शीर्षकातून आलेल्या अक्षरांपासून ते कधीही बनवू नये. तशीच काळजी कॅमलमध्ये चालता चालता ठरणाऱ्या एंडपॉइंटची घ्यावी.

हे सगळं शिकून उपयोग काय, असा प्रश्न यवतमाळ-अमरावतीच्या महाविद्यालयांतून पुण्याला निघालेली मुलं विचारतील, आणि तो रास्त आहे. आजची नवी कामं स्प्रिंग बूट किंवा क्वार्कसवर होतात. प्रत्येक सेवा आपला छोटा कॉन्टेक्स्ट घेऊन स्वतंत्र प्रक्रियेत चालते आणि सामाईक काही असेलच तर ते बाहेर असतं, एखाद्या ब्रोकरमध्ये. जावा ईई २०१७ नंतर एक्लिप्स फाउंडेशनकडे जाऊन जकार्ता झाली, पॅकेजेसची नावं बदलली, आणि कॅमल ४ ला जावा १७ च्या खालचं काही चालत नाही. नव्यानं सुरुवात करत असाल तर मीही वेगळ्या प्रक्रियाच सुचवेन. पण पहिली नोकरी बहुधा नवं लिहिण्याची मिळत नाही. चालू असलेलं न पाडता सांभाळण्याची मिळते, आणि ते चालू असलेलं बहुतेकदा याच पठडीतलं असतं.

पुढची उदाहरणं वाइल्डफ्लाय समोर ठेवून लिहिली आहेत. टॉमकॅट वापरणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की तिथली सूची प्रत्येक वेब ॲप्लिकेशनला वेगळी असते आणि ॲप्लिकेशनला तिच्यात लिहिता येत नाही. सामाईक वस्तू सर्व्हरच्या मुख्य कॉन्फिगरेशन फायलीत जाहीर करावी लागते, प्रत्येक ॲप्लिकेशनच्या बाजूनं तिला दुवा द्यावा लागतो, आणि जार टॉमकॅटच्या लिब फोल्डरमध्ये असावी लागते. अवलंबित्वाचा क्रम लिहून ठेवण्याची वाइल्डफ्लायसारखी सोय तिथे नाही, त्यामुळे तिसऱ्या प्रकरणातला तो भाग वगळून थेट टेम्प्लेटच्या भागाकडे गेलं तरी चालेल.